भूक लागण्याआधीची तयारी: विद्यार्थ्यांनी कमी पैशांत नीट कसं जेवावं

एकट्याने राहणाऱ्या विद्यार्थ्याचे खाण्यावरचे पैसे कुठे जातात, हे किराण्याच्या पावतीवरून फारसं कळत नाही. त्यासाठी दिवसातल्या वेळा बघाव्या लागतात. शेवटचा तास संपलेला असतो, पोटात कावळे ओरडत असतात, खोलीवर तयार असं काहीच नसतं आणि कच्च्या डाळीपासून सुरुवात करायची तर ताटात काही पडायला तासभर लागणार असतो. अशा वेळी बाहेरून मिळेल ते घेतलं जातं. कपाटातली डाळ तशीच राहते, पालेभाजी पिवळी पडते आणि एका जेवणाचे पैसे दोनदा जातात.

म्हणून स्वस्त काय मिळतं हा प्रश्न मी दुसऱ्या क्रमांकावर ठेवते. पहिला प्रश्न हा की भूक लागेल त्या क्षणी हाताशी काय तयार असेल? पुढच्या सगळ्या पायऱ्या या एका प्रश्नासाठी आहेत. तुम्ही रोज स्वयंपाक करावा अशी माझी अपेक्षा नाही. आठवड्यातून दोनदा नीट वेळ काढलात तर बाकीचे दिवस गरम करून खाण्यावर निभतात.

पहिली पायरी: एक आठवडा फक्त लिहून काढा

काहीही बदलण्याआधी आठवडाभर जे खाल, जे विकत घ्याल ते लिहून ठेवा. फोनमध्ये लिहिलं तरी चालेल. रक्कम तर लिहाच, शिवाय वेळ लिहा, आणि त्या वेळी खोलीवर खायला काय होतं तेही लिहा. हा तिसरा रकाना सगळ्यात महत्त्वाचा आहे. आठवडा संपल्यावर बाहेरच्या खर्चाच्या नोंदी वेगळ्या काढल्या की बहुतेकांना एक-दोन ठरावीक वेळा दिसतात. कुणाची सकाळ घाईची असते, कुणाची संध्याकाळ रिकामी जाते, कुणी रात्री उशिरा अभ्यास करताना खातं. जी वेळ तुमची असेल, तयारी तिच्यासाठी करायची. सकाळचा नाश्ता कधीच चुकत नसेल तर त्याच्या योजनेत डोकं घालू नका.

त्याच नोंदींमध्ये फेकलेलं अन्नही लिहा. कोणती भाजी सडली, किती भात उरला, कोणतं पाकीट उघडून तसंच राहिलं. पुढच्या खरेदीत सगळ्यात आधी कात्री लागते ती इथे, आणि ती लावताना एक घासही कमी खावा लागत नाही.

दुसरी पायरी: महिन्याच्या पैशांना चाराने भागू नका

घरून किंवा शिष्यवृत्तीतून पैसे महिन्याला येतात, खरेदी मात्र आठवड्याला होते. साहजिकच बरेच जण महिन्याच्या रकमेला चाराने भागतात आणि महिनाअखेरीस दोन-तीन दिवस हात अगदी रिकामे राहतात. कारण सरळ आहे: चार आठवडे म्हणजे 28 दिवस, आणि महिना 30 किंवा 31 दिवसांचा. भागायचं ते दिवसांच्या संख्येने, आणि आलेल्या आकड्याला साताने गुणायचं. ती झाली आठवड्याची रक्कम.

हा भागाकार करण्याआधी दोन गोष्टी बाजूला काढून ठेवा. एक, तेल, मीठ, मसाले, मोठ्या पिशवीतले तांदूळ आणि डाळी अशा महिन्यातून एकदाच घ्यायच्या वस्तूंचे पैसे. दोन, मित्रमैत्रिणींबरोबर बाहेर खाण्याची एक ठरावीक रक्कम, मग ती लहान का असेना. ही दुसरी रक्कम शून्य करू नका, असं मी कळकळीने सांगेन. एकत्र बसून खाणं हीसुद्धा गरज आहे. ते पूर्ण बंद करणारी योजना पंधरवड्यात मोडते आणि तिच्याबरोबर बाकीची शिस्तही जाते.

तिसरी पायरी: प्रथिनांची किंमत काढायला शिका

पोट भरायला फारसा खर्च येत नाही. तांदूळ, गव्हाचं पीठ, बटाटे, ओट्स, पास्ता हे कुठेही तुलनेने स्वस्तच असतात. पैसे कमी पडले की माणूस आपोआप त्यांच्याकडे वळतो आणि ताटातली प्रथिनं गायब होतात. पोट भरलेलं असूनही दोन तासांत पुन्हा भूक लागते, मग बिस्किटं आणि चिप्स येतात. म्हणून तंग खिशात सगळ्यात जास्त विचार प्रथिनांचा करावा.

निरोगी प्रौढ व्यक्तीला दर किलो वजनामागे रोज सुमारे 0.8 ग्रॅम प्रथिनं लागतात. म्हणजे 60 किलो वजनाला साधारण 50 ग्रॅम. खूप व्यायाम करणाऱ्यांना यापेक्षा जास्त लागतात. आता ढोबळ आकडे बघा. कोरड्या मसूर डाळीत 100 ग्रॅममागे सुमारे 24 ग्रॅम प्रथिनं असतात, छोल्यांत 20, शेंगदाण्यांत 25, सोयाबीनच्या वड्यांत 50 च्या आसपास. एका अंड्यात 6 ग्रॅम, लिटरभर दुधात 33, बिनहाडाच्या कच्च्या चिकनमध्ये 100 ग्रॅममागे 21-22. धान्यांतही असतात: ओट्समध्ये 13, गव्हाच्या पिठात 11-12, तांदळात 7.

दुकानात उभं असताना करायचं ते इतकंच: वस्तूची किंमत भागिले त्या पाकिटातली एकूण प्रथिनं. किलोभर मसूर डाळीत 240 ग्रॅम प्रथिनं आहेत. तेवढीच मिळवायला 40 अंडी लागतील किंवा सात लिटरहून अधिक दूध. तुमच्या दुकानातल्या किमती त्या शेजारी मांडल्या की निवड लगेच दिसते. हाच हिशेब एखाद्या प्रोटीन बारला लावून बघा, तो मनातून आपोआप उतरेल.

याचा अर्थ फक्त डाळच खा असा नाही. मला स्वतःला ही वाटणी व्यवहार्य वाटते: रोजचा कणा डाळी-कडधान्यांचा, त्याला अंडी किंवा दूध-दह्याची जोड, आणि मांस-मासे खात असाल तर ते आठवड्यातून एक-दोनदा, तेही भाज्या आणि कडधान्यांत मिसळून. एका दिवसाचं उदाहरण घ्या. 75 ग्रॅम कोरडी डाळ, 150 ग्रॅम तांदूळ, 50 ग्रॅम ओट्स, पाव लिटर दूध, मूठभर म्हणजे 30 ग्रॅम शेंगदाणे आणि दोन अंडी. बेरीज होते साधारण 62 ग्रॅम. अंडी खात नसाल तर त्या जागी आणखी 50 ग्रॅम डाळ किंवा छोले घ्या.

धान्यांतल्या प्रथिनांत लायसीन हे अमिनो आम्ल (प्रथिनं ज्यांपासून बनतात त्यातला एक घटक) कमी असतं आणि डाळींत ते भरपूर असतं. डाळींत जे कमी पडतं ते धान्यांत मिळतं. दोन्ही एकाच घासात असायला हवं असं नाही, दिवसभरात दोन्ही पोटात गेलं की पुरे.

चौथी पायरी: भाज्या निवडताना टिकण्याचा विचार करा

जागतिक आरोग्य संघटना रोज किमान 400 ग्रॅम फळं आणि भाज्या सुचवते. बटाटे आणि तत्सम कंद त्यात धरलेले नाहीत. आकडा मोठा वाटतो, पण दोन वाट्या शिजलेली भाजी, एक गाजर आणि एक फळ यात तो गाठता येतो.

एकट्या माणसाच्या घरी भाजीची खरी किंमत ती किती दिवस टिकते यावर ठरते. कोबी, गाजर, कांदे आणि न चिरलेला लाल भोपळा बरेच दिवस राहतात. पालक आणि कोथिंबीर दोन-तीन दिवसांत मान टाकतात. म्हणून आठवड्याच्या खरेदीत टिकाऊ भाज्या जास्त घ्या, पालेभाजी एकच घ्या आणि ती पहिल्या दोन दिवसांत संपवा. फ्रीझर असेल तर गोठवलेले मटार आणि पालक बिनधास्त घ्या. ते तोडणीनंतर लवकर गोठवलेले असल्याने त्यातली पोषणमूल्यं चांगली टिकून असतात आणि लागेल तेवढंच काढता येतं. हंगामात जे ढिगाने येतं ते स्वस्तही असतं आणि चवीलाही बरं.

पाचवी पायरी: खरेदी

कपाट आणि फ्रीज उघडून बघितल्याशिवाय यादी लिहू नका, आणि जेवून मगच दुकानात जा. भुकेल्या पोटी यादी पाळली जात नाही.

पाकिटावरच्या किमतीपेक्षा दर किलोचा किंवा दर 100 ग्रॅमचा भाव बघा. मोठं पाकीट नेहमीच स्वस्त नसतं, आणि स्वस्त असलं तरी ते संपणार असेल तरच. तांदूळ, डाळी, ओट्स मोठ्या प्रमाणात घ्यायला हरकत नाही. मसाले, पीठ आणि सुकामेवा मात्र लहान पाकिटांत घ्या. मसाल्यांचा वास उडतो, शेंगदाणे-अक्रोड खवट होतात. खोलीवर दोघं-तिघं असाल तर मोठी पिशवी एकत्र घेऊन वजन करून वाटून घ्या. वाटणी त्याच दिवशी झालेली बरी, नाहीतर कुणी किती वापरलं यावरून कुरबुरी सुरू होतात.

पाकिटावरच्या तारखेचे दोन प्रकार असतात आणि त्यातला फरक माहीत नसल्याने बरंच चांगलं अन्न कचऱ्यात जातं. ‘या तारखेपर्यंत वापरा’ असं दूध, मांस, मासे अशा नाशवंत वस्तूंवर लिहिलेलं असेल तर ती सुरक्षिततेची मर्यादा आहे, ती ओलांडू नका. ‘या तारखेपूर्वी उत्तम’ हे दर्जाबद्दल असतं. कोरडी डाळ किंवा पास्ता ती तारीख उलटल्यावरही, नीट कोरडा ठेवलेला असेल आणि कीड लागलेली नसेल तर, खाण्यासारखा असतो. मुदत जवळ आल्याने भाव उतरवलेल्या वस्तू घ्यायच्या असतील तर त्याच दिवशी शिजवायच्या किंवा गोठवायच्या असं ठरवूनच घ्या.

सहावी पायरी: आठवड्यातून दोन बैठका

या लेखाचा गाभा इथे आहे, म्हणून जरा सावकाश सांगते.

आठवड्यातले दोन दिवस ठरवा, मध्ये तीन-चार दिवसांचं अंतर ठेवून. प्रत्येक वेळी दीड ते दोन तास. भांडी फार लागत नाहीत: झाकणाचं जाड बुडाचं तीन लिटरचं पातेलं, एक कढई किंवा पॅन, एक चांगली धारदार सुरी, आणि घट्ट झाकणाचे पाच-सहा डबे. प्रेशर कुकर मिळाला तर इंधन आणि वेळ दोन्ही वाचतात. जुना घेत असाल तर रबर आणि झडप तपासूनच घ्या.

आदल्या रात्री 300 ग्रॅम छोले भरपूर पाण्यात भिजत घाला. सकाळी ते फुगून दुपटीहून जास्त जड झालेले असतील. पुढचा क्रम एकाच शेगडीचा धरून लिहिते.

भिजवलेलं पाणी ओतून टाका, छोले ताज्या पाण्यात कुकरला लावा. वाफ धरल्यावर मंद आचेवर 20 ते 25 मिनिटं पुरतात. साध्या झाकणाच्या पातेल्यात तास-दीड तास लागतो. तोवर सहा कांदे, दहा-बारा लसूण पाकळ्या आणि सहा टोमॅटो चिरून घ्या.

कुकर उतरवा आणि वाफ आपली आपण जिरू द्या. मोकळ्या झालेल्या शेगडीवर चार-पाच मोठे चमचे तेल तापवून कांदा मध्यम आचेवर परता. इथे घाई करू नका. कांदा सोनेरी व्हायला 12 ते 15 मिनिटं लागतात, आणि साध्या स्वस्त सामानाला चव येते ती याच मिनिटांमुळे. मग लसूण, मिनिटभराने टोमॅटो, मीठ आणि तुमचे आवडते मसाले. टोमॅटो मऊ होऊन तेल कडेला दिसू लागलं की वाटण तयार झालं. याचे चार भाग करा.

पहिला भाग पातेल्यातच ठेवा. त्यात 150 ग्रॅम धुतलेली मसूर डाळ आणि साधारण 600 मिलिलिटर पाणी घाला. ही डाळ भिजवावी लागत नाही, 15 ते 20 मिनिटांत शिजते. यात दोन जेवणं होतात आणि प्रत्येकात डाळीतूनच 18 ग्रॅम प्रथिनं येतात. दुसरा भाग अर्ध्या छोल्यांत आणि दोन-तीन बटाट्यांच्या फोडींत घालून शिजवा. तिसरा भाग फ्रीजमध्ये ठेवा. ज्या दिवशी काहीच करावंसं वाटणार नाही त्या दिवशी तो पॅनमध्ये गरम करून त्यात दोन अंडी फोडायची, झाकण ठेवायचं आणि पिवळा बलक घट्ट होईपर्यंत थांबायचं. दहा मिनिटांत ब्रेडबरोबर जेवण होतं. चौथा भाग गोठवा. तो परीक्षेच्या आठवड्यात कामाला येतो.

उरलेले अर्धे छोले साधे, मीठ घालून ठेवा. बारीक चिरलेला कोबी, किसलेलं गाजर, कांदा आणि लिंबू यांच्याबरोबर ते थंडच खाता येतात. लसूण, शेंगदाणे आणि लिंबू घालून ठेचले तर ब्रेडवर लावायला होतात. शेवटी चार अंडी 10 मिनिटं उकडून, कवचासकट फ्रीजमध्ये ठेवा. ती आठवडाभर टिकतात आणि त्या अवघड संध्याकाळच्या वेळेला सोलून मीठ लावण्याशिवाय काही करावं लागत नाही.

दुसऱ्या बैठकीत कडधान्य बदला. राजमा घेतलात तर एक नियम कसोशीने पाळा. लाल राजम्यात फायटोहिमॅग्लुटिनिन नावाचा घटक असतो आणि अर्धकच्चे दाणे खाल्ले तर जोरदार उलट्या-जुलाब होतात. किमान पाच तास, शक्यतो रात्रभर भिजवा, ते पाणी फेका, ताज्या पाण्यात निदान 10 मिनिटं खळखळून उकळा आणि मग मऊ होईपर्यंत शिजवा. मंद आचेवर तासन् तास शिजवणाऱ्या विजेच्या भांड्यात कच्चा राजमा थेट टाकू नका. त्याचं तापमान पुरेसं चढत नाही. डबाबंद राजमा आधीच शिजवलेला असतो, त्याला ही भीती नाही. त्यातलं पाणी ओतून दाणे धुतले की मीठही बरंच कमी होतं.

आता कंटाळ्याबद्दल. तयार अन्न डब्यात असूनही बाहेरचं मागवलं जातं, कारण तेच तेच खावंसं वाटत नाही. म्हणून थोडे पैसे मुद्दाम चवीवर खर्च करा. लिंबू, हिरवी मिरची, कोथिंबीर, एखादा आवडता तिखट सॉस, भाजलेले शेंगदाणे. कालची घट्ट डाळ आज पातळ करून त्यात पालक आणि लिंबू घातलं की सूप होतं. उद्या तीच आटवून पास्त्यात मिसळता येते. आंबट, तिखट आणि काहीतरी कुरकुरीत, यातलं एक जरी वरून पडलं तरी शिळेपणा जाणवत नाही.

सातवी पायरी: साठवण, आणि भाताबद्दल विशेष सूचना

फ्रीजचं तापमान 5 अंश सेल्सिअस किंवा त्याखाली हवं, फ्रीझरचं उणे 18. शिजलेलं अन्न दोन तासांच्या आत फ्रीजमध्ये जायला हवं. मोठ्या पातेल्यात ते लवकर निवत नाही, म्हणून उथळ डब्यांत पसरून ठेवा. शिजवलेल्या डाळी आणि कडधान्यं तीन-चार दिवस चांगली राहतात, गोठवली तर दोन-तीन महिने. प्रत्येक डब्यावर चिकटपट्टी लावून तारीख लिहा. आठवण दगा देते, तारीख देत नाही.

भात मात्र वेगळा. कच्च्या तांदळात बॅसिलस सेरियस या जिवाणूचे बीजाणू असू शकतात आणि ते शिजवण्याच्या उष्णतेतही तग धरतात. भात तासन् तास ओट्यावर राहिला की ते वाढतात आणि विष तयार करतात. हे विष पुन्हा गरम केल्याने नष्ट होत नाही. तेव्हा उरलेला भात ताटात पसरून पटकन थंड करा, तासाभरात फ्रीजमध्ये टाका, दुसऱ्या दिवशी संपवा आणि एकदाच, वाफा येईपर्यंत गरम करा. रात्रभर बाहेर राहिलेला भात फेकावा लागला तर वाईट वाटतं, पण दवाखान्याचा खर्च आणि बुडालेले तास त्याहून महाग पडतात.

बटाटे अंधाऱ्या, थंड, हवेशीर जागी ठेवा, कांद्यांपासून लांब. उजेडात ते हिरवे पडतात आणि त्यात सोलॅनिन हे विषारी द्रव्य वाढतं. थोडा भाग हिरवा असेल तर तो जाडसर कापून टाका, बराच हिरवा किंवा चवीला कडू असेल तर फेकून द्या. पालेभाजी कोरड्या कापडात गुंडाळून डब्यात ठेवा. ब्रेड उरत असेल तर अर्धा गोठवा. काप थेट टोस्टरमध्ये किंवा तव्यावर टाकता येतात. जास्त पिकलेली केळी सोलून गोठवा आणि दुधात घुसळा.

स्वयंपाकघर नसेल तर

वसतिगृहात शेगडी नसते, बऱ्याचदा फ्रीजही नसतो. आधी नियम वाचा: कोणती विजेची उपकरणं चालतात ते स्पष्ट विचारून घ्या. राइस कुकरला परवानगी असेल तर जवळजवळ सगळं सुटलं. तांदूळ, मसूर डाळ, गाजर आणि मटार, थोडं तेल-मीठ आणि एरवीपेक्षा जास्त पाणी एकत्र घातलं की पूर्ण जेवण एकाच भांड्यात होतं.

फक्त केटल असेल तर तिच्यात पाणीच उकळा. अन्न शिजवल्याने ती बिघडते. उकळतं पाणी ओट्सवर ओतून झाकून ठेवा, वर दुधाची पावडर, केळं आणि शेंगदाणे घाला. फ्रीज नसेल तर डबाबंद, शिजवलेलं कडधान्य लहान डब्यातलं घ्या, एका वेळेला संपेल इतकंच. मोड आलेली कडधान्यं कच्ची खाण्याची सवय असेल तर ती वाफवून खा. मोड येतात त्या उबदार दमट हवेत जिवाणूही वाढतात.

आणि खोलीत, बॅगेत नेहमी एक राखीव डबी ठेवा: भाजलेले शेंगदाणे किंवा फुटाणे. 30 ग्रॅम शेंगदाण्यांत सुमारे 170 कॅलरी आणि 7 ग्रॅमहून जास्त प्रथिनं असतात. त्या कावळे ओरडण्याच्या तासाला एवढ्यावर खोलीपर्यंत नक्की पोचता येतं.

स्वस्त जेवणात काय निसटतं

डाळी, पालेभाज्या यांतलं लोह शरीरात कमी प्रमाणात शोषलं जातं. त्याच जेवणात ‘क’ जीवनसत्त्व असेल तर शोषण वाढतं, म्हणून डाळीवर लिंबू पिळा, बरोबर टोमॅटो किंवा कच्चा कोबी घ्या. चहा-कॉफी जेवणाबरोबर घेतली तर उलट होतं. तासभराचं अंतर ठेवा. पाळी येणाऱ्या मुलींना लोहाची गरज मुलांपेक्षा बरीच जास्त असते. सतत थकवा, धाप, चक्कर असं असेल तर अभ्यासाचा ताण म्हणून सोडून देऊ नका, हिमोग्लोबिन तपासून घ्या.

बी-12 हे जीवनसत्त्व नैसर्गिकरीत्या प्राणिज पदार्थांतच मिळतं. दूध-दही-अंडी यातलं काहीच खात नसाल तर बी-12 घातलेले पदार्थ किंवा गोळी लागतेच, आणि किती घ्यायची ते डॉक्टरांना विचारा. मीठ आयोडीनयुक्त घ्या, पण दिवसाला एकूण 5 ग्रॅमच्या आत. इन्स्टंट नूडल्स स्वस्त वाटतात, मात्र त्यांच्या मसाल्याच्या पुडीत दिवसभराच्या मिठाचा मोठा हिस्सा असतो. खायच्याच असतील तर अर्धी पुडी वापरा आणि त्यात अंडं, मटार, कोबी घाला. गाजर, भोपळा शिजवताना थोडं तेल हवंच. त्यातल्या ‘अ’ जीवनसत्त्वासाठी लागणाऱ्या घटकांचं शोषण स्निग्ध पदार्थाबरोबर चांगलं होतं.

पैसे खरोखरच संपले तर

वरची सगळी शिस्त पाळूनही असा आठवडा येऊ शकतो. फी भरावी लागते, शिष्यवृत्ती लांबते, आजारपण येतं. अशा वेळी जेवण गाळणं हा पहिला उपाय ठरू देऊ नका. दोन वेळचं गाळलं की लक्ष लागत नाही, झोप बिघडते आणि तिसऱ्या वेळी हातात येईल ते खाल्लं जातं. उरलेल्या पैशांचा क्रम असा लावा: आधी डाळ आणि तांदूळ किंवा पीठ, मग तेल आणि कांदे, मग जी भाजी सगळ्यात स्वस्त असेल ती, मग अंडी किंवा दूध. चहाबरोबरची बिस्किटं, थंड पेयं आणि तयार पदार्थ त्या आठवड्यापुरते बाजूला ठेवा.

आणि सांगा. एखाद्या विश्वासाच्या शिक्षकांना, वसतिगृहाच्या अधीक्षकांना, महाविद्यालयातल्या विद्यार्थी साहाय्य विभागाला. बऱ्याच संस्थांत अडचणीतल्या विद्यार्थ्यांसाठी तातडीची मदत, जेवणाची सवलत किंवा हप्ते लांबवण्याची सोय असते, पण ती बहुधा मागितल्यावरच मिळते. अर्ज करायला लाजू नका, आणि शक्य असेल तर कपाटात तीन-चार दिवसांची डाळ शिल्लक असतानाच करा, कारण मंजुरीला वेळ लागतो. खोलीवरच्या मित्रमैत्रिणींपैकी कुणी हल्ली ‘भूक नाही’ असं वारंवार म्हणत असेल, तर त्याच्यासाठीही पातेल्यात एक वाटी डाळ जास्त घाला.